जिवंत वाट

तळसवाडीच्या शिवारातली पहिली डबी शलाका बारटक्केने उंबराच्या ढोलीत लपवली. ती ढोली तिला खुद्द रानाच्या मालकाने, आप्पा फडतऱ्यांनी दाखवली होती.

शलाका साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट होती. आप्पांच्या पत्नी रंजनाकाकू यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांना पुन्हा चालतं करायचं काम तिच्याकडे आलं. काकू दवाखान्यातल्या फरशीवर चालायला घाबरायच्या. "लई गुळगुळीत हाय ती. पाय ठरत न्हाई," म्हणायच्या. मग शलाकाच तळसवाडीला जाऊ लागली आणि काकूंना त्यांच्याच बांधावरून चालवू लागली. दिवाळीपर्यंत काकू काठी न घेता विहिरीवर जाऊन यायला लागल्या, आणि शलाका त्या घरात परकी राहिली नाही. ती आली की काकू विचारत नसत, सरळ ताट वाढत.

चालणं हे शलाकाचं नुसतं काम नव्हतं. घटस्फोटानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली होती, तेव्हा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण केतकी सामंत दर रविवारी बूट घालून तिच्या दाराशी येऊन उभी राहायची. "बोलू नकोस, रडायचं तर रड, पण चल," एवढंच म्हणायची. दोघी साताऱ्याच्या आसपासची गावं पायी हिंडल्या. त्यातूनच त्यांनी 'रानवाट' नावाचा गट काढला आणि डबीखेळ सुरू केला. खेळ सोपा होता. रानात कुठेतरी एक डबी लपवायची, तिची जागा फोनवरच्या नकाशात टाकायची. लोक चालत येऊन ती शोधत, आतली एखादी छोटी वस्तू घेत, आपली एक ठेवत आणि डबी पुन्हा होती तिथे लपवत. नव्या फोनवर जागा वीतभरही चुकत नसे. शहरातली माणसं, ज्यांनी आयुष्यात कधी शेतात उभं ज्वारीचं ताट जवळून पाहिलं नव्हतं, ती सुट्टीच्या दिवशी डब्या शोधत शिवारं तुडवू लागली.

आप्पांना तिने आधी नीट समजावून सांगितलं होतं.

"आप्पा, माणसं येतील हं. एकदा सुरू झालं की बरीच येतील."

"येऊ देत की," आप्पा म्हणाले. "तू आणतीस म्हंजे आमचीच माणसं. ह्या वाटंनं आता कोण येतंय? समदे गाडीवरनं जात्यात. जरा रानात बोलणं तरी ऐकू यील."

पुढच्या वर्षी आल्याची लागण करताना त्यांनी वाफ्यांच्या मधून एक हातभर रुंदीची पट्टी मोकळी सोडली, चालणाऱ्यांसाठी. काकूंनी उंबराखाली पाण्याचा माठ ठेवला. येणारे लोक माठाशी थांबत, काकूंना घेवड्याचं पीक कसं असतं ते विचारत. काकू सांगत बसत.

पुढच्या डब्यांच्या जागा बहुतेक केतकीने सुचवलेल्या होत्या. "उंबरानंतर त्या दगडी तालीत, बांधाच्या कपारीत ठेव, तिथून पठार छान दिसतं." "मग ओढ्याच्या काठावर, करंजाखाली." "मग थेट वर, खिंडीच्या तोंडाशी." अशा एकेक करत डब्या आप्पांच्या रानातून, शेजारच्या पडीक जमिनीतून, कोंडाईच्या पठाराच्या पायथ्यापर्यंत गेल्या. तीन वर्षांत त्या वाटेने हजारो माणसं चालली.

*

केतकी भूभौतिक शास्त्रज्ञ होती. पुण्यातल्या एका खासगी संशोधन संस्थेत ती कितीतरी वर्षं एकाच यंत्राच्या मागे होती. त्याचं नाव 'पाऊलवाचक'. दिसायला ते एखाद्या हातगाड्यासारखं होतं, दोन चाकं आणि मध्ये एक पेटी. एकदा तिने ते तळसवाडीला आणलं होतं, आणि आप्पांच्या बांधावर बसून तिघांना समजावून सांगितलं होतं.

तिने मूठभर माती घेतली. "आप्पा, ह्यात गारगोटीचे बारीक कण असतात. प्रत्येक कण म्हणजे एक घड्याळ समजा. कण जमिनीखाली अंधारात असला की भोवतीच्या खडकमातीतल्या किरणोत्सर्गाची थोडी थोडी ऊर्जा त्याच्यात साठत राहते. त्याला ऊन लागलं की ती सगळी निघून जाते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे कणात किती ऊर्जा साठलीय हे मोजलं की त्यानं शेवटचं ऊन कधी बघितलं ते कळतं."

"आन् त्याचा वाटंशी काय संबंध?"

"माणूस चालतो तिथे पायानं वरची माती उकरली जाते. कण उन्हात येतात आणि पुढच्या माणसाच्या पावलाखाली दाबले जातात. पावसाळ्यात वर गाळाचा पातळ थर बसतो. पुन्हा पावलं, पुन्हा गाळ. जुन्या पायवाटेखाली असे घट्ट पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. नांगर वरचे मोडतो. पण जिथे फाळ पोचत नाही, तिथले खालचे तसेच राहतात. शंभर वर्षं, दोनशे वर्षं."

यंत्र रडारच्या लहरींनी आधी ते दाबलेले थर शोधत असे, मग सुईसारखी नळी जमिनीत घालून कणांवर निळा प्रकाश सोडत असे. कण किती उजळतात यावरून वर्ष निघत असे. त्या दिवशी पडद्यावर आप्पांच्या रानातून तिरपी जाणारी एक तपकिरी रेघ उमटली होती. जुनी गाडीवाट. कधीकाळी पठारावरच्या वस्तीतली माणसं त्या वाटेने बाजाराला उतरत असणार.

आप्पा त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले. "माझ्या आज्यानं मोडली आसंल," ते म्हणाले. "वरची वस्ती उठली, मग त्यानं नांगर घातला. आमी ल्हान हुतो."

त्याच सुमाराला राज्यात वहिवाट कायदा आला होता. त्यासाठी 'रानवाट'ने मोर्चे काढले होते, शलाकाने भाषणं केली होती. महामार्ग, सौरऊर्जेचे पट्टे, शेतघरांची कुंपणं यांनी गावागावांतल्या पाणंदी गिळल्या होत्या. मुलांना समोर दिसणाऱ्या शाळेत जायला वळसा घालावा लागत होता. कायद्याने सांगितलं की वाट जुनी असेल आणि जिवंत असेल, तर ती सर्वांची. जुनी म्हणजे खाली पुरातन थर हवेत. जिवंत म्हणजे गेल्या पाच वर्षांत लोक त्यावरून चाललेले हवेत. मेलेल्या वाटा कायदा उठवणार नव्हता, कारण तशा वाटा प्रत्येक शेताखाली होत्या. आणि हे सगळं ठरवायचं होतं पाऊलवाचकाने, कारण जुन्या नकाशांवर आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींवर कोर्टांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली होती. माती खोटं बोलत नाही, असं मंत्री म्हणाले होते.

*

मार्गशीर्षातल्या एका दुपारी काकूंचा फोन आला. "पोरी, रानात कसल्या खुट्या मारल्यात बघ. हे लई तापल्यात. तू ये."

शलाका पोचली तेव्हा दोन पोरसवदा सर्व्हेअर पाऊलवाचक ढकलत आल्याच्या पट्टीतून चालले होते. मागे लाल फीत बांधलेल्या खुंट्या उभ्या होत्या. आप्पा बांधावर उभे होते, हात मागे बांधून.

"कुणी पाठवलंय तुम्हाला?" शलाकाने विचारलं.

"न्यायाधिकरणानं, मॅडम. वाट जिवंत असल्याचा अर्ज आलाय. 'कोंडाई हिल्स'कडून."

कोंडाई हिल्स तिला ऐकून माहीत होतं. पठारावर बंगल्यांचं नगर वसवायला निघालेली कंपनी. वरची जमीन त्यांनी केव्हाच घेतली होती, पण वर जायला रस्ता नव्हता आणि खालचा एकही शेतकरी रस्त्याला जमीन देत नव्हता, म्हणून सगळं अडून राहिलं होतं.

"पायवाटेचं कंपनीला काय करायचंय?"

त्या पोराने सहज सांगितलं, "एकदा सार्वजनिक वाट ठरली ना, मॅडम, की सरकार ती रुंद करू शकतं. पोटकलम आहे. मग मालकाची संमती लागत नाही."

शलाकाने खुंट्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. पहिली खुंटी उंबराशी होती. मग दगडी ताल. मग करंज. मग खिंडीचं तोंड. ती रांग कुठल्याही झाडाला, कुठल्याही दगडाला चुकवत नव्हती. तिने लपवलेल्या प्रत्येक डबीपाशी एक लाल फीत होती.

तिला आठवलं, करंजापाशी काटेरी झुडपं होती म्हणून ती डबी पलीकडे वडाखाली ठेवायला निघाली होती. केतकी म्हणाली होती, "नको, करंजाखालीच बरी." हसत म्हणाली होती.

पोरांच्या पडद्यावर जुनी तपकिरी रेघ होती, आणि तिच्यावर आता एक हिरवी रेघ चढली होती, ताजी, सलग. आप्पांनी ती बघितली. मग शलाकाकडे बघितलं. काकू जेवायला थांब म्हणाल्या, तर पेशंट वाट बघत असल्याचं सांगून शलाका निघाली.

*

"हो," केतकी म्हणाली.

ती पुण्यात आपल्या प्रयोगशाळेच्या गच्चीत उभी होती. शलाका तिथपर्यंत गाडी चालवत गेली होती आणि वाटेत तिने दहा वेगवेगळी वाक्यं मनात रचली होती. त्यातलं एकही लागलं नाही.

"डब्यांच्या जागा तू मुद्दाम सांगितल्यास?"

"हो म्हटलं ना. मला एक मेलेली वाट पुन्हा जिवंत होताना बघायची होती. खालचा थर जुना, मध्ये साठ वर्षं काही नाही, आणि मग वर नवी पावलं. यंत्र ते ओळखतं का, हे तपासायचं होतं. त्यासाठी खरी माणसं चालायला हवी होती."

"आणि कंपनी?"

केतकीने कठड्याला हात टेकले. "संस्थेला पैसा तेच देतात. वाट त्यांनी निवडली. शलाका, ते नसते तर यंत्र तीन वर्षांपूर्वीच अडगळीत गेलं असतं. मग तुझा कायदाही कागदावरच राहिला असता. ह्या एका वाटेचा निकाल लागला की राज्यभर हजारो वाटा मोकळ्या होतील. शाळांच्या, पाणवठ्यांच्या. तुला हेच हवं होतं ना?"

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

केतकी म्हणाली, "मी कुणाची जमीन घेतलेली नाही. वाट तिथं होतीच. आप्पांच्या आजोबांनी ती नांगरली. तेव्हा कुणी कुणाला विचारलं होतं?"

केतकीचं म्हणणं पुरतं खोटं नव्हतं, आणि शलाकाला तेच सगळ्यात जास्त लागलं. ती खाली येऊन गाडीत बसली. जी बाई तिला हाताला धरून घराबाहेर घेऊन आली होती, तिने तिला नेमकं कुठं चालवलं, हे आता तिला कळत होतं. प्रत्येक रविवार तिला पुन्हा तपासून बघावासा वाटत होता, कुठला मैत्रीचा होता आणि कुठला कामाचा.

*

मणेर वकिलांचा खांदा आखडलेला होता, म्हणून ते आठवड्यातून दोनदा शलाकाकडे येत. हात वर उचलून घेता घेता तिने त्यांना सगळं सांगितलं.

"त्यांनी परवानगी दिली होती ना, शेतमालकांनी?" मणेरांनी विचारलं.

"दिली होती. पट्टीसुद्धा सोडली होती."

"मग झालं तर. मॅडम, परवानगीनं आलेला माणूस हा पाहुणा. पाहुणा कितीही वर्षं येत राहिला तरी त्याचा हक्क होत नाही. न विचारता, उघडउघड, हक्कानं चालला तरच ती वहिवाट. पावलं पडली, एवढंच यंत्र सांगणार. मालकानं 'या' म्हटलं होतं का, हे माती कुठून सांगेल? ते माणसालाच विचारावं लागेल. सुनावणीत तुमच्या आप्पांनी एवढं एक वाक्य सांगितलं की अर्ज फेटाळला जाईल."

कित्येक दिवसांनी शलाकाला श्वास घेता आला.

हे आप्पांना जाऊन सांगायला हवं होतं. ती दोनदा निघाली. एकदा तळसवाडीच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आली. खुंट्यांच्या रांगेत उभे असलेले आप्पा तिला डोळ्यांसमोर दिसत. आपण काय म्हणणार? मला माहीत नव्हतं? तिच्याच डब्या, तिचीच माणसं. काकूंचे फोन आले, तेही तिने घेतले नाहीत. आप्पा सरळ माणूस आहेत, खरं तेच सांगतील, असं तिने स्वतःला समजावलं. सुनावणीत आपण त्यांच्या बाजूने उभं राहू, मग तोंड दाखवता येईल.

सुनावणीच्या आधल्या आठवड्यात केतकी दवाखान्यात आली. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिचा चेहरा ओढलेला होता.

"मला माफ कर असं म्हणायला आले नाही," ती म्हणाली. "फक्त तू बोलत नाहीस, ते सहन होत नाही."

शलाकाने तिला पाणी दिलं. पंधरा वर्षांची सवय होती.

"आप्पांना भेटलीस?" केतकीने विचारलं.

"नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? पण सुनावणीत ते सांगतील, परवानगी दिली होती म्हणून. मग तुझ्या यंत्राचं काय करायचं ते तू बघ."

केतकीने ग्लास खाली ठेवला. "बोलणंही झालं नाही का?"

"नाही."

"बरोबर आहे," केतकी हळूच म्हणाली. "होऊ दे सुनावणी. मग दोघी जाऊ त्यांच्याकडे."

जाताना तिने शलाकाच्या खांद्यावर हात ठेवला. शलाकाने तो झटकला नाही.

*

न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा वळवी मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. केतकीने पडद्यावर रेघा दाखवल्या, खालची आणि वरची. कुणी शंका घेतली नाही. मग आप्पांना बोलावलं. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. शपथ घेताना त्यांनी टोपी काढली.

"ह्या वाटेनं गेली काही वर्षं लोक तुमच्या शेतातून चालत होते. तुम्हाला ते माहीत होतं?"

"व्हय."

"तुम्ही त्यांना परवानगी दिली होती?"

आप्पांनी शलाकाकडे बघितलं. ती पहिल्याच रांगेत बसली होती. त्यांनी किंचित मान हलवली, काही ठरलेलं होतं ते पार पाडत असल्यासारखी. मग समोर बघून स्वच्छ आवाजात म्हणाले, "न्हाई. म्या कुणालाबी परवानगी दिली न्हाई. ती माणसं आपली मनानंच येत हुती."

शलाकासोबत आलेले मणेर वकील खुर्चीत पुढे झुकले. शलाकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नीट आठवून सांगा. 'रानवाट'च्या बाईंनी तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"न्हाई. कुणी इचारलं न्हाई."

नंतर शलाकाची साक्ष झाली. तिने सगळं सांगितलं. उंबराची ढोली, आल्यातली पट्टी, पाण्याचा माठ. वळवी मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शेतमालक शपथेवर खोटं बोलतायत, असं तुमचं म्हणणं आहे?"

शलाकाने आप्पांकडे बघितलं. ते गोंधळून तिच्याकडे बघत होते.

"ते खोटं बोलणारे नाहीत," ती म्हणाली. तिचं एवढंच वाक्य नोंदवलं गेलं.

बाहेर गर्दीत आप्पा तिला सापडले नाहीत. पुढच्या महिन्यात निकाल आला. वाट जुनी आहे, जिवंत आहे, सर्वांची आहे.

*

निकालानंतरच्या रविवारी शलाका तळसवाडीला गेली. आप्पा आल्याच्या रानात वाफ्यात पाणी सोडत होते. तिला बघून त्यांनी फावडं बाजूला ठेवलं नाही.

"आप्पा, तुम्ही तसं का सांगितलंत?"

त्यांनी वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं फोडलं. पाणी वळलं, मग म्हणाले, "तूच तर निरोप दिला हुतास."

"मी?"

"ती तुझी मैत्रीण आली हुती. यंत्रावाली. म्हणली, शलाकाला लाज वाटतीया यायची, म्हणून तिनं मला पाठवलंय. म्हणली, परवानगी दिली हुती आसं सांगितलं की तुमीच वाट दिली आसा अर्थ हुतो. दिली न्हाई म्हणा, मंग ती समदी घुसखोर ठरत्यात आन् वाट बंद हुती. म्हणली, वकिलाला इचारून शलाकानंच सांगितलंय." त्यांनी फावड्याचा दांडा घट्ट धरला होता. "म्या इचार केला, पोरगी आपली हाय. शिकलेली हाय. शपथंवर खोटं बोलाय लागलं, पर तुझा शब्द म्हणून बोललो. तूच म्होरं बसली हुतीस. तुझ्याकडं बघूनच बोललो."

शलाका चिखलात उभी होती. पाणी तिच्या बुटांभोवती आलं, ते तिला कळलं नाही.

"मी निरोप पाठवला नव्हता, आप्पा. देवाशपथ. मी तुम्हाला भेटले नव्हते, एवढंच तिनं माझ्याकडून काढून घेतलं."

"आसंल," आप्पा म्हणाले. "पर मंग तू सोता का आली न्हाईस? हिनं तुला किती फोन केले."

रानाला लागून असलेल्या घराच्या दारात उभ्या राहून ऐकत असलेल्या काकूंनी मान फिरवली.

"आपण अपील करू," शलाका म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही सांगा, तुम्हाला फसवलं. मी शपथेवर सांगते, तिनं माझं नाव वापरलं."

"तुझं नाव घिऊन ती आली. तुझ्या नावावर म्या बोललो. आता परत तुझ्याच शब्दावर उलटं बोलू? दोनदा शपथ फिरवलेला माणूस म्हणून गावात ऱ्हाऊ?"

"पण आता मी स्वतः आलेय ना."

"आता आलीस," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात पलीकडून बोलण्याचे आवाज आले. आठ-दहा जणांचा घोळका होता, पाठीवर सॅक, हातात काठ्या. पुढच्या मुलीने शलाकाला ओळखलं आणि ती जवळजवळ धावतच आली.

"मॅडम, तुम्ही इथेच? आम्ही खास ही वाट चालायला आलो. पहिली जाहीर झालेली जिवंत वाट. तुमच्यामुळे मिळाली आम्हाला."

शलाकाने आप्पांकडे बघितलं नाही. तिला धीर झाला नाही.

"परत जा," ती म्हणाली. "ही वाट खोटं बोलून मिळवलेली आहे. हे ह्यांचं रान आहे. ह्यांनी प्रेमानं येऊ दिलं होतं, तेच त्यांच्या अंगावर उलटवलंय. कृपा करून परत जा."

घोळका थबकला. मुलगी गोंधळली. तिने एकदा आप्पांकडे, एकदा मागच्यांकडे बघितलं. मागून एक जण म्हणाला, "पण निकाल लागलाय ना? आता कायदेशीर आहे."

"हो ना, मॅडम," मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली. "आता कुणाला विचारायची गरज नाही, असं तुम्हीच भाषणात सांगायचात. आम्ही काही नासधूस करणार नाही." दोघे मागे वळले. बाकीचे एकामागून एक, पट्टी न सोडता, आल्यातून पठाराकडे निघून गेले. जाताना त्यांनी आप्पांना नमस्कार केला.

आप्पांनीही हात जोडले. मग फावडं खांद्यावर टाकून ते विहिरीकडे गेले. शलाकाने हाक मारली. त्यांनी ऐकलं असावं, पण ते थांबले नाहीत. काकू दारातून आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

फाट्यावर आल्यावर शलाकाने गाडी कडेला घेतली आणि मणेर वकिलांना फोन लावला.

"आप्पा अपील करणार नाहीत. मला एकटीला करायचंय."

"जमीन तुमची नाही, मॅडम. बहुतेक दाखलसुद्धा करून घेणार नाहीत. आणि घेतलंच, तर तुमच्या मैत्रिणीविरुद्ध शपथपत्र द्यावं लागेल. तिची नोकरी जाईल, यंत्रावर बोट ठेवलं जाईल, ज्या कायद्यासाठी तुम्ही मोर्चे काढलेत तोच अडचणीत येईल. एवढं करून आप्पांना त्यांची जमीन परत मिळेल, असंही नाही."

"ते तुमच्याशी पुन्हा बोलतील, असंही नाही," हे मणेर म्हणाले नाहीत, पण तिला ऐकू आलं.

"माहीत आहे," शलाका म्हणाली. "शपथपत्र उद्या लिहू. सकाळी मी तुमच्याकडे येते. स्वतः येते."